काका, तुम्ही अँपच्या आधी मल्टिमीटर घ्यायला लावलात त्याबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "ते राहू दे, आवाज कसा आहे ते सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय मला जे तुम्ही एवढा वेळ देऊन समजावलंत ते कमी बजेटमध्ये पॉवर अँप (स्पीकर वाजवण्याइतका सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर) शोधणाऱ्या अजून कुणाच्या तरी कामाला येईल.

सुरुवात आठवते ना? माझ्या जुन्या अँपचा डावा चॅनल फाटल्यासारखा वाजायला लागला होता आणि मी विचारलं होतं, कुठला नवीन घेऊ. तुम्ही कुठल्याच मॉडेलचं नाव घेतलं नाहीत. म्हणालात, "आधी स्पीकरच्या वायरी काढ, मल्टिमीटर आण, तो डीसीवर लाव आणि काही न वाजवता आउटपुटवर किती येतंय ते सांग." उजवीकडे 20 मिलीव्होल्टच्या आसपास होतं, डावीकडे 400 च्या वर आणि अँप गरम होईल तसं वाढतच चाललेलं. धडधाकट अँपमध्ये हा आकडा फार तर पन्नासेक मिलीव्होल्ट असतो, तो खूप वाढला की वूफरचा म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा कोन एका बाजूला ढकललेला राहतो आणि कॉइल तापते, आणि माझ्या अँपमध्ये बिघाड झाला की स्पीकरचं कनेक्शन आपोआप तोडणारा प्रोटेक्शन रिलेसुद्धा नव्हता. दोन-चार दिवस मी अजून तसंच वाजवत बसले असते तर आज अँपबरोबर स्पीकरही शोधत असते. तेवढ्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला हवं होतं.

पण पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. मी तेव्हा एक छोट्या डब्यासारखा अँप जवळपास ठरवूनच टाकला होता, त्यावर मोठ्या अक्षरात 300 + 300 वॉट लिहिलेलं, आणि मला वाटत होतं की जितके वॉट जास्त तितकं चांगलं, शिवाय परवडतोय. तुम्ही नको म्हणाला नाहीत. फक्त दोन प्रश्न विचारलेत. पहिला, त्याच्यासोबत येणारा अडॅप्टर किती व्होल्ट किती अँपिअरचा आहे? 48 व्होल्ट, 5 अँपिअर. म्हणजे 240 वॉट, दोन्ही चॅनल मिळून, तेही सगळीच्या सगळी वीज स्पीकरपर्यंत पोचते असं धरलं तर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! दुसरा, तो 300 चा आकडा किती डिस्टॉर्शनला म्हणजे आवाजाच्या किती बिघाडाला मोजलाय आणि किती ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा)? बारीक अक्षरात सापडलं, 10 टक्के, 4 ओहम. 10 टक्के म्हणजे आवाज कानाला कळेल इतका बिघडलेला असतो, आणि माझे स्पीकर 8 ओहमचे. तेव्हापासून कुठल्याही अँपचं पान उघडलं की मी आधी 8 ओहमचा कंटिन्युअस (सतत देता येणाऱ्या वॉटचा) आकडा शोधते, 1 टक्का किंवा त्याहून कमी डिस्टॉर्शनचा, आणि तो दिलेलाच नसेल तर पान बंद करते.

मग तुम्ही म्हणालात, "तुला किती वॉट लागतात हे तू मोजलंयस का?" मला हे घरी मोजता येतं हेच माहीत नव्हतं. मैत्रिणीचा अँप दोन दिवसांसाठी आणला, तुम्ही सांगितलं तसं हळू आवाजात रेकॉर्ड झालेलं एक गाणं लावलं (कारण अशा गाण्यालाच आपण व्हॉल्यूम सगळ्यात वर नेतो), माझ्यासाठी जास्तीत जास्त जितका मोठा आवाज असेल तिथे नॉब ठेवला, नॉबला परत हात न लावता अँप बंद करून स्पीकर काढले, अँप चालू केला आणि 60 हर्ट्झचा टोन वाजवला, फुल स्केलच्या (डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या सिग्नलच्या) 12 डीबी (डेसिबल) खालचा, आणि मीटर एसीवर ठेवून वाचलं. 2.8 व्होल्ट. 12 डीबी खाली म्हणजे व्होल्टेज पाव, तर त्याच नॉबवर सगळ्यात मोठ्या सिग्नलला 11.2 व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले 8 ओहम. जेमतेम 16 वॉट! मी परत मोजलं, तेवढेच आले. आणि हा माझा सगळ्यात मोठा आवाज, एरवी गाणं ऐकताना सरासरी एक वॉटसुद्धा जात नाही.

आता स्पीकर 8 ओहमचा लिहिलेला असला तरी काही फ्रिक्वेन्सीला त्याचा इंपिडन्स (तोच ओहममधला अडथळा) खाली येतो आणि तिथे अँपला जास्त करंट द्यावा लागतो, म्हणून 4 ओहमचा रेटिंगही बघ आणि थोडी मोकळीक ठेव, असं तुम्ही म्हणालात, आणि आपण 8 ओहमला खरे 50 वॉट असं ठरवलं. मी तरी चाचरत विचारलंच की मग 100 का नको, थोडेच पैसे जास्त आहेत. तर तुम्ही सांगितलंत की दुप्पट वॉटला फक्त 3 डीबी वाढतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डीबी म्हणजे दहापट वॉट लागतात. तेच 3 डीबी 86 च्या जागी 89 डीबी सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटला जास्त मोठा वाजणारा) स्पीकर घेऊनही मिळतात. हे गणित माझ्या डोक्यात कायमचं बसलंय.

क्लास डी या अँपच्या प्रकाराबद्दल माझ्या मनात अढी होती, डी म्हणजे डिजिटल आणि म्हणून आवाज कोरडा असं मी ऐकलेलं. तुम्ही समजावलंत की डी हे नुसतं ए, बी, सी नंतरचं अक्षर आहे, आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि पुढे कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर त्यातून गाणं परत गुळगुळीत करतो, म्हणून उष्णता कमी आणि डबा लहान. स्वस्तातल्या अँपचा खरा प्रश्न त्या फिल्टरपाशी असतो, फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटकडून परत आत नेलेला सिग्नल) फिल्टरच्या आधीच घेतला असेल तर स्पीकर बदलला की वरच्या पट्टीचा आवाज बदलतो, फिल्टरच्या पुढून घेतला असेल तर तसं फारसं होत नाही. मी ती एक गोष्ट बघून चारातले तीन अँप यादीतून काढले. निवड एवढी सोपी होऊ शकते हे मला खरंच वाटलं नव्हतं.

ओळखीतल्या एकाने कार्यक्रमासाठी वापरायचा मोठा जुना अँप देऊ केला होता, दणकट होता पण आत पंखा. शांत खोलीत रात्री पंखाच ऐकत बसशील म्हणालात, सोडून दिला.

आणि तो स्विच बॉक्स, काका! दोन जोड्या स्पीकर बदलून वाजवायला मी जो वापरायचे, त्यात सगळ्या निगेटिव्ह वायरी आत एकत्र जोडलेल्या होत्या. जुन्या अँपला ते चालत होतं. नव्या अँपचं आउटपुट ब्रिज प्रकारचं, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल हा ग्राउंड नसतोच, तिथेही सिग्नल असतो. मी काहीच विचारलं नव्हतं, तुम्हीच आपणहून विचारलंत "मध्ये कुठला बॉक्स वगैरे आहे का?" नाहीतर पहिल्याच संध्याकाळी दोन चॅनल एकमेकांना शॉर्ट झाले असते.

गेनचंही (अँप सिग्नल किती पट मोठा करतो त्याचंही) तसंच. माझा डॅक (डिजिटल गाण्यातून अँपला लागणारा सिग्नल बनवणारं यंत्र) 2 व्होल्ट देतो, व्हॉल्यूमही त्यातच आहे. अँपचा गेन 26 डीबीवर होता, स्पीकरजवळ कान नेला की सूंऽऽ असा आवाज यायचा. तुम्ही मागचा स्विच 20 डीबीवर करायला सांगितलात, दहापट म्हणजे 2 व्होल्टचे 20 आणि 8 ओहमवर बरोबर 50 वॉट, जेवढे हवे होते तेवढेच. सूंऽऽ आता जवळजवळ गेलंय. चालू करताना अँप शेवटी आणि बंद करताना अँप आधी, हेही रोज पाळते, त्यामुळे ठप्प असा आवाज कधी येत नाही.

तुम्ही विचारता ना, आवाज कसा आहे. तंबोरा आता गायकाच्या मागे वेगळा ऐकू येतो. डावा चॅनल इतके दिवस बिघडलेला होता की मी ते विसरूनच गेले होते. पहिल्या रात्री उशिरापर्यंत बसले होते, एकेक जुनं रेकॉर्डिंग काढून.

आणि महिन्याने परत डीसी मोज आणि कळव म्हणाला होतात, तर काल मोजलं. अर्धा तास वाजवून, गरम असताना. डावा 11 मिलीव्होल्ट, उजवा 14.

तुमची,
डाव्या चॅनलवाली