अ‍ॅमीटर तीन ठिकाणी लावून दाखवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

एकसर जोडणीची, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दिव्यांची, गणितं मला यायची. रोधांची बेरीज करायची, विभवांतराला (व्होल्टेजला) त्या बेरजेनं भागायचं, झाली विद्युतधारा. उत्तर बरोबर यायचं, म्हणून डोक्यात काय चाललंय हे कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, पहिला दिवा थोडी धारा खातो आणि उरलेली पुढच्याला मिळते. तुम्ही प्रयोगशाळेत दोन सारखे दिवे एकसर जोडलेत आणि एवढंच विचारलंत, "मग दुसरा मंद का नाही?"

मी गप्प झालो. तुम्ही धारा मोजणारा अ‍ॅमीटर आधी पहिल्या दिव्याच्या अलीकडे लावलात, मग दोघांच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पलीकडे. काटा तिन्ही वेळा एकाच रेघेवर. धारा कुठेच कमी होत नव्हती, दिव्यांमध्ये वाटलं जात होतं ते विभवांतर.

त्यानंतरचा तास मी कधीच विसरणार नाही. १२ व्होल्टचे दोन दिवे, एक ६ वॅटचा, एक ३ वॅटचा, १२ व्होल्टच्या बॅटरीला एकसर. जास्त कोण उजळेल? मी छातीठोकपणे ६ वॅटचा म्हणालो. उजळला ३ वॅटचा! मग तुम्ही वही पुढे सरकवलीत. रोध काढायला विभवांतराच्या वर्गाला शक्तीनं भागलं: १४४ भागिले ६, म्हणजे २४ ओहम, १४४ भागिले ३, म्हणजे ४८. एकूण ७२ ओहम, धारा सुमारे ०.१७ अँपिअर. मोठ्या दिव्याच्या वाट्याला ४ व्होल्ट, लहानग्याच्या वाट्याला ८. धारा एकच, म्हणून ज्याचा रोध जास्त त्याचा उजेड जास्त.

पण अ‍ॅमीटर ०.२२ दाखवत होता. इथे कुणीही "प्रायोगिक त्रुटी" लिहून वही मिटली असती, आणि माझ्यासाठी तिथेच सगळं संपलं असतं. तुम्ही दिवे सोडवून, गार होऊ दिलेत आणि रोध मोजायला मल्टीमीटर लावलात. २४ ओहमचा दिवा जेमतेम २ ओहम! टंगस्टनची तार तापेल तसा तिचा रोध वाढतो. २४ हा आकडा पूर्ण तेजानं जळणाऱ्या दिव्याचा. एकसर जोडणीत दोघेही त्याहून गार, म्हणून रोध कमी आणि धारा जास्त. ओहमनं १८२७ मध्ये मांडलेल्या नियमातली "तापमान स्थिर असताना" ही अट मी कितीदा घोकली होती, ती त्या दिवशी समजली.

गणित आणि मीटर जुळत नाहीत तेव्हा दोघांपैकी कुणालाही खोटं न ठरवता थांबायचं, हे तुम्ही मला दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार, ताई. हे फार आधी सांगायला हवं होतं.

परवा पुतणीसमोर तसेच दोन दिवे ठेवले. तिनंही ६ वॅटच्याच दिव्याकडे बोट केलं. मी काही बोललो नाही, वायरी तिच्या हातात दिल्या.

तुमचा विद्यार्थी