न दिसलेले सापही मोजावे लागतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'सर्वेक्षणात मोजकेच साप आढळले, प्रजाती संपत आली' अशा बातम्या वरचेवर छापून येतात. पण आढळले किती आणि आहेत किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. बिळात राहणारा साप एखाद्या जागी असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता १० टक्के धरली, तर १० फेऱ्यांनंतरही तो न दिसण्याची शक्यता ३५ टक्के उरते. 'इथे नाही' असे ९५ टक्के खात्रीने म्हणायला २९ फेऱ्या लागतात.

म्हणून पकडून, खूण करून, सोडून पुन्हा पकडायचे. समजा, पहिल्या खेपेला ४० सापांना खुणा केल्या. दुसऱ्या खेपेला ३५ मिळाले, त्यांत खुणेचे ५. अशा आकड्यांवरून एकूण संख्येचा अंदाज देणाऱ्या चॅपमन यांच्या सूत्राने (तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून) ४१ गुणिले ३६, भागिले ६, वजा १, म्हणजे २४५. मात्र ९५ टक्के खात्रीची मर्यादा, म्हणजे खरी संख्या ज्या दरम्यान असावी ते आकडे, साधारण ९० ते ४००! खुणेचे निदान सात तरी मिळाल्याशिवाय अशा आकड्यावर भिस्त ठेवू नये.

खरा घोळ खुणांत होतो. रंगाची खूण कातीबरोबर जाते. पाचांतल्या दोघांच्या खुणा गेल्या तर उत्तर २४५ ऐवजी ३६८ येते, आणि घटत चाललेली प्रजाती कागदावर सुखरूप दिसते. पोटाचे खवले ठरावीक क्रमाने छाटले तरी काही वर्षांत ते भरून येऊ शकतात. त्यामुळे कातडीखाली बारीक चिप बसवावी, शिवाय अंगावरच्या नक्षीचे फोटो ठेवावेत.

एकदा पकडलेला प्राणी सापळा टाळू लागला तर अंदाज फुगतो. आसऱ्याला ठेवलेल्या पत्र्याखाली तोच तो येत राहिला तर घटतो. पत्रे सकाळीच उचलून पाहावेत, दुपारी तापले की खाली कोणी थांबत नाही. काही साप महिनोन् महिने जमिनीखालीच असतात. त्यासाठी दर हंगामात लागोपाठ तीन-चार दिवस फेऱ्या घ्याव्यात आणि हे वर्षानुवर्षे चालू ठेवावे; एका हंगामाच्या आकड्यावरून 'घट' ठरवणे चुकीचेच.

तेव्हा आकड्यासोबत फेऱ्या, हंगाम, पुन्हा सापडलेले प्राणी आणि खात्रीची मर्यादा छापावी, ही आग्रहाची विनंती. नेमके ठिकाण मात्र कृपा करून छापू नये. दुर्मीळ कासवे आणि सरडे चोरून विकणारेही बातम्या वाचतात.

आपला,
एक सरीसृप अभ्यासक