लायसन रिन्यू करताना डोळे खरंच तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं वय ६६. गेली ३४ वर्षं गाडी चालवतेय, आधी स्कूटर आणि मग कार. यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात गाडी चालवणारी मी एकटीच उरले, त्यामुळे लायसनची तारीख जवळ आली तशी लगेच रिन्यूअलच्या मागे लागले. ५५ च्या पुढे लायसन पाचच वर्षांसाठी वाढवून मिळतं आणि त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-अ म्हणतात तो, चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनाच लागतो खरंतर.

तो फॉर्म कधी नीट वाचलाय का कोणी? मी यावेळी घरी आल्यावर वाचला. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, रंग ओळखता येतात का, रातांधळेपणा आहे का, ऐकू नीट येतं का, हे सगळं डॉक्टरने बघून मग सही करायची आहे. २५ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सहा गाड्यांएवढं अंतर. मी ज्या दवाखान्यात गेले तिथे मला खुर्चीवरून उठावं पण लागलं नाही. चष्मा लावता का विचारलं, मी हो म्हटलं, बीपीची गोळी चालू आहे का, हो, झाली सही झाला शिक्का. दोन मिनिटं पण लागली नसतील आणि खरं सांगते, त्या दिवशी मला बरंच वाटलं की पटकन काम झालं. बाकी सगळं ऑनलाइन, आधारवर, आरटीओत जायची गरजच पडली नाही.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पावसात घरी येत होते. समोरून एक गाडी आली आणि तिच्या हेडलाइटने माझी अख्खी काच पांढरी झाली, वायपर चालू होते तरी काहीच दिसेना, आणि ती गाडी पुढे गेल्यावर बघते तर सायकल हातात धरून चाललेला एक माणूस अगदी माझ्या बॉनेटजवळ. ब्रेक लागला म्हणून वाचला. तो वळून बघून निघून गेला, मी मात्र गाडी बाजूला घेऊन कितीतरी वेळ तशीच बसून होते, हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि गंमत नाही सांगत, त्यांच्या खोलीतल्या उजेडात चष्मा लावून मी तक्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या ओळी वाचल्या. त्यांनी समजावून सांगितलं की मोतीबिंदूत असंच होतं, भिंग गढूळ झालं की समोरचा प्रकाश आत विखुरतो, त्यामुळे दिवसा ठीक दिसतं आणि रात्री हेडलाइट आला की सगळं पुसलं जातं. शिवाय साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच असतो, म्हणजे मोतीबिंदू नसला तरी अंधारात कमीच दिसणार. काचबिंदूचं तर त्याहून वाईट, बाजूचं दिसणं हळूहळू जातं, दुखत नाही खुपत नाही, आणि माणसाला वाटत राहतं की आपल्याला सगळं दिसतंय. आपलं आपल्याला कळेल ह्या भरवशावर राहून चालत नाही ते यामुळेच.

मार्च २०२१ पासून लायसन रिन्यूअल आधार वापरून घरबसल्या करता येतं. ते फार चांगलं झालं, आमच्या वयाच्या माणसांना रांगेत उभं राहणं खरंच जमत नाही, ती सोय कोणी काढून घेऊ नये. पण मग ह्या सगळ्या प्रोसेसमध्ये आम्हाला समोर बसवून बघणारा माणूस एकच उरतो, तो सर्टिफिकेट देणारा डॉक्टर. त्यानेच मान वर केली नाही तर कोणीच बघितलं नाही असा त्याचा अर्थ होतो.

म्हाताऱ्यांची लायसनं बंदच करा असं म्हणणारे लोक पण भेटतात, ते मला अजिबात पटत नाही. ज्यांच्या घरी दुसरं कोणी चालवणारं नाही त्यांचा दवाखाना, बँक, भाजी सगळं गाडीवर चालतं, आणि मोतीबिंदू तर ऑपरेशनने बरा होणारा आजार आहे. वेळेवर सापडला पाहिजे एवढंच. साठीनंतरच्या रिन्यूअलला तरी डोळ्यांच्या डॉक्टरची तपासणी सक्तीची करा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होऊ दे, आणि फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नापुढे काय तपासलं ते डॉक्टरने लिहावं. आम्ही चालू असलेल्या गोळ्या पण सांगायला हव्यात, झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते हे आम्ही डॉक्टरपुढे बोलतच नाही, आणि ती चूक आमची आहे.

माझं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. दोन्ही डोळे होईपर्यंत अंधार पडल्यावर मी गाडी काढत नाहीये, तसं यांना आणि मुलीला सांगून टाकलंय. लायसन मात्र त्याच सर्टिफिकेटवर घरी आलंय, पुढची पाच वर्षं चालेल असं.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक