शोकाचे टप्पे आणि किनाऱ्यावरची घरे

‘शोकाचे पाच टप्पे’ समजावून सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. हा विषय घेतल्याबद्दल आभार. पण नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार याच क्रमाने माणूस सावरतो, हे विधान खटकले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांच्या अभ्यासातून नव्हे. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब व हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार मला अधिक पटतो: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी रोजच्या कामाला लागतो, आणि ही ये-जा चालूच राहते.

आमच्याकडच्या हर्णै या मासेमारी बंदरावर हे दिसते. नवरा गेलेली बाई संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात दरावरून हुज्जत घालते आणि घरी खुंटीवरचा त्याचा रेनकोट मात्र काढू देत नाही. ‘लवकर विसरली’ आणि ‘अजून सावरली नाही’, दोन्ही टोमणे तिलाच ऐकावे लागतात. पाच टप्प्यांची यादी त्यांना बळच देते.

त्यातही खलाशी बेपत्ता झाला आणि देह मिळालाच नाही, तर? सात वर्षे काही खबर नसेल, तेव्हा कायदा त्याला मृत धरतो. तोवर दिवस करायचे की नाही, मंगळसूत्राचे काय, हेच ठरत नाही. अशा घरात स्वीकार कशाचा करायचा? पुरवणीने पुढचा लेख अशा कुटुंबांवर द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)