चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) करा, बाबांनाही द्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

गणेश चवथ जवळ आली. आई, परवा तू फोनवर म्हणालीस, "यंदा नेवऱ्या नैवेद्यापुरत्याच, बाबांच्या पानात काही वाढणार नाही." मागून बाबांचं "बरं, बरं" ऐकू आलं. त्यानंतर मला काही चैन पडेना. फोनवर हा विषय काढला की तो धड संपत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आई, बाबांच्या मधुमेहाची तुझी काळजी अगदी रास्त आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त आपल्या गोव्यात निघालं: २६.४ टक्के. देशाचं ११.४. म्हणजे गोव्यात चार मोठ्या माणसांमागे एकाला हा आजार. पण नेवरीवर पहारा बसवून बाबांची साखर आटोक्यात येईल असं मला वाटत नाही, कारण ती वाढते दुसरीकडेच.

त्यांचा रोजचा दिवस बघ. उठल्या उठल्या चहा, पावाबरोबर चहा, दहाच्या सुमारास कोणी ना कोणी येतंच तेव्हा चहा आणि चारचा चहा. प्रत्येक कपात दोन चमचे. चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम धरली तर चार कपांचे ३२ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. हे झालं धडधाकट माणसांसाठी. बाबा तर एकही गोड पदार्थ न खाता नुसत्या चहातच ती मर्यादा ओलांडतात. बिस्किटं आणि पोदेर (पाववाला) आणतो तो गोड बन वेगळाच.

तू मध्यंतरी चहात गूळ घालायला लागलीस. चव छान येते, पण रक्तात गेल्यावर गूळ काय नि साखर काय, जवळपास सारखंच. माडाचा काळा गूळसुद्धा मुख्यतः साखरच. त्यापेक्षा दर आठवड्या-दोन आठवड्यांनी अर्धा अर्धा चमचा कमी कर. जीभ हळूहळू सरावते. माझी साखर अशीच सुटली, आणि आता कोणाकडे नेहमीचा चहा घेतला की तो पाकासारखा लागतो.

बाबा, दुपारी चारला तुम्हाला गोड हवंच असं होतं ना, त्याचं मूळ बरेचदा सकाळच्या न्याहारीत असतं. नुसता पाव नि चहा पोटात फार वेळ टिकत नाही. त्याऐवजी अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी) आणि कोंड्याचा पोय-पाव खा. कडधान्यातली प्रथिनं नि चोथा यांनी पोट भरलेलं राहतं आणि साखर एकदम उसळत नाही. दुपारी जेवतानाही आधी भाजी नि मासळी खा, मग भात घ्या, तोही थोडा कमी. जेवल्यावर लगेच आडवं न होता अंगणात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारा. आणि रात्री टीव्हीसमोर जागू नका. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूकही वाढते आणि गोडाची ओढही.

एक गोष्ट मात्र दोघांनी नीट लक्षात ठेवा. गोड खावंसं वाटताना घाम सुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, गरगरलं, तर ती ओढ नव्हे. रक्तातली साखर खाली गेलेली असू शकते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने असं होतं, विशेषतः जेवायला उशीर झाला किंवा जेवण एकदम कमी केलं तर. अशा वेळी आई, "गोड नको" म्हणू नकोस. साखर मोजायच्या मशीनवर ७० च्या खाली आकडा दिसला की तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून दे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. मशीन हाताशी नसेल तर त्यासाठी थांबू नकोस, आधी साखर दे. म्हणूनच आहारात मोठा बदल करायच्या आधी डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारायला हवं.

आता चवथीचं. माझं म्हणणं एवढंच की रोजची, लक्षातही न येणारी साखर काढून टाकू आणि सणाचं गोड ठेवू. नेवऱ्या कर. बाबांना एक दे, जेवणानंतर, आणि त्या दिवशी भात त्या मानाने कमी वाढ. पातोळ्या तर करच. हळदीच्या पानावर तू बोटांनी पीठ इतकं पातळ पसरतेस की खालच्या शिरा दिसतात. मधोमध चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) ठेवून पान दुमडतेस आणि वाफ सुटली की सगळ्या घरात हळदीचा वास भरतो. ते सोडून बाबांनी काय खायचं? शुगर फ्री लिहिलेल्या लाडवांचा डबा? त्यात पीठ, तूप असतंच, आणि साखर नाही म्हणून माणूस दोन जास्त खातो. तो डबा कोणी आणला तर परत पाठव. पातोळ्यांच्या चुनात फक्त गूळ थोडा कमी घाल, खोबरं नि वेलची वाढव.

बाबा, जे खाल ते सगळ्यांबरोबर पानावर बसून, सावकाश खा. लपवून खावं लागावं असं तुमच्या घरात काही असू नये.

मी शनिवारी येते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अळसांदे घेऊन ठेवीन आणि मशीनच्या पट्ट्याही आणीन. बाबांची एचबीए१सी ही रक्ततपासणी चवथीआधीच करून घेऊ, तिच्यातून मागच्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचा अंदाज येतो. मग तो कागद घेऊन तिघंही डॉक्टरांकडे जाऊ. आई, सध्याच्या गोळ्यांची नावं नि वेळा एका कागदावर लिहून ठेव.

तुमची,
लेक