उलटलेलं चिन्ह खोडू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस, हॉल परिणामाच्या प्रयोगात (चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या स्फटिकातून वीज वाहिली की आडव्या बाजूंमध्ये व्होल्टेज येतं, तोच) स्फटिक तापवत नेला तसं व्होल्टेज उतरत शून्यावर आलं आणि पुढे चक्क उणे झालं, म्हणून ती रीडिंग्ज खोडलीस. रात्रभर तेच मनात घोळत होतं. ती पुन्हा लिही गं. तुझ्या अख्ख्या जर्नलमधली खरी कमाई तीच आहे.

तुझा तुकडा पी टाइप जर्मेनियमचा. भेसळीमुळे त्यात होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, भरपूर; मोकळे इलेक्ट्रॉन नावापुरते. होल हॉल व्होल्टेज धन करतात, इलेक्ट्रॉन उणे. म्हणून गार असताना व्होल्टेज धन. पण भेसळ नसलेल्या जर्मेनियममध्येही, खोलीच्या तापमानाला, एका घन सेंटिमीटरमागे सुमारे २४ लाख कोटी मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि तेवढेच होल. आकडा अवाढव्य वाटतो ना? अणूंशी ताडून बघ: १८० कोटी अणूंमागे जेमतेम एक! तांब्यात जवळजवळ दर अणूमागे एक असतो.

तापवलं की बंध तुटतात आणि इलेक्ट्रॉन-होल जोडीनंच जन्मतात. जर्मेनियमची ऊर्जादरी, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, ०.६७ इलेक्ट्रॉन व्होल्टच, म्हणून प्रयोगशाळेतल्या साध्या हीटरवर हे दिसतं. सिलिकॉनची १.१२, तिथे बरंच जास्त तापवावं लागलं असतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन होलपेक्षा दुपटीनं चपळ, आणि हॉल व्होल्टेजमध्ये त्या चपळाईचा वर्ग शिरतो. त्यामुळे व्होल्टेज शून्य होतं तेव्हा दोघं समसमान झालेले नसतात. होल अजून चौपट असतात! एकाच प्रकारच्या वाहकाचं सूत्र तिथे लावलंस तर वाहकांची संख्या अनंत येईल. ते सूत्र गार बाजूलाच वापर.

बीएस्सीला मीही असाच एक बिंदू गाळून सरळ रेघ ओढली होती. सही मिळाली, पण ती रेघ मला अजून बोचते.

पुन्हा करशील तेव्हा दर तापमानाला चुंबकक्षेत्र उलटवूनही रीडिंग घे आणि दोन्हींच्या फरकाचं निम्मं धर. व्होल्टेज मोजायची टोकं नेमकी समोरासमोर नसल्यानं येणारं फाजील व्होल्टेज त्यात निघून जातं. तापताना घाई होते, म्हणून गार होतानाही नोंदी कर. शून्य किती अंशांना आलं ते रविवारी सांग, मी वही घेऊन बसतो.

तुझे,
बाबा