आधी डिपॉझिट, मग ट्रोपोनिन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छातीतल्या दुखण्याचं तासाभरात निदान करणाऱ्या चाचणीवरचा कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. लेखक मोठे डॉक्टर आहेत, पण कॅज्युअल्टीबाहेरच्या नातेवाइकांच्या बाकड्यावर ते कधी बसले असतील असं वाटत नाही.

माझी सगळी नोकरी लॅबमध्ये गेली. नमुना यंत्राला लागला की वीसेक मिनिटांत ट्रोपोनिनचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचा, आकडा हातात येतो, हे मलाही ठाऊक आहे. यंत्राला नावं ठेवतंय कोण? गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या जाऊबाईंचा जबडा आणि पाठ दुखायला लागली, दरदरून घाम फुटला. जवळच्या, चांगल्या चकाचक हॉस्पिटलात नेलं. ईसीजी लगेच काढला, त्यात काही दिसलं नाही. ‘अ‍ॅसिडिटी असेल काकू,’ म्हणत ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरांनी त्याचं इंजेक्शन दिलं. मी हटून बसले तेव्हा कुठे रक्त काढलं. आणि ती नळी ट्रेमध्ये तशीच पडून! का, तर डिपॉझिट भरल्याशिवाय बारकोडचं स्टिकर निघत नाही आणि स्टिकरशिवाय लॅब नमुना घेत नाही. काउंटरवरचं कार्डाचं मशीन बंद, म्हणून आमचे भावजी भर पावसात एटीएम शोधत फिरताहेत. त्यात नळी लाल झाकणाची, म्हणजे आधी रक्त गोठायची वाट बघा, मग ती यंत्रात गरगरा फिरवून वरचं पाणी वेगळं करा. हिरव्या झाकणाची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, घेतली असती तर तेवढा वेळ वाचला असता. पण म्हातारीचं ऐकतो कोण!

बरं, पहिला आकडा अधलामधला आला तर तासाने दुसरा नमुना घेऊन फरक बघायचा, हेच तर या पद्धतीचं मर्म. आमच्या वेळी नेमकी ड्युटी बदलत होती. ‘नाइटच्या सिस्टर घेतील.’ घेतला त्यांनी, रात्री सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. आकडा चांगलाच चढलेला. अँजिओप्लास्टी झाली, जाऊबाई आज खुटखुटीत आहेत, ते त्यांचं नशीब.

स्कॉटलंडच्या ७ रुग्णालयांची चौकट तुम्ही हौसेने छापलीत. ट्रोपोनिनवरून ‘हार्ट अटॅक नाही’ हे लवकर ठरवायची पद्धत तिथे आणली: ३१ हजारांवर रुग्ण, मुक्काम १०.१ तासांवरून ६.८ वर, दाखल न होता घरी जाणारे ५० वरून ७१ टक्के. आकडे बरोबर आहेत. पण ते तास रुग्ण दारात आल्यापासून मोजलेले आहेत, नळी यंत्रात गेल्यापासून नव्हे. शिवाय नवी पद्धत जुन्या पद्धतीइतकीच सुरक्षित आहे, हे संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालं नाही, असं २०२१ मध्ये त्या संशोधकांनीच लिहून ठेवलंय. ते चौकटीत बसलं नसावं. तिथे त्यांच्या किटवर ट्रोपोनिनची मर्यादा बायकांसाठी लिटरमागे १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम धरतात. जाऊबाईंच्या रिपोर्टवर बाईमाणसाला आणि बाप्याला मिळून एकच मर्यादा छापलेली होती.

आपल्याकडे एखाद्या हॉस्पिटलाने दारापासून रिपोर्टपर्यंतचा वेळ मोजून भिंतीवर लावलाय का, तेवढं तुमच्या बातमीदाराला विचारून यायला सांगा. जागा नाही म्हणू नका. त्याच लेखाखाली अर्धं पान ‘फुल बॉडी चेकअप’ची जाहिरात होती आणि लेखाचा शेवटचा परिच्छेद तिच्यापायी कापलेला दिसतो; वाक्य मध्येच तुटलंय. निदान ते तरी पुढच्या पुरवणीत पुरं करा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा